दोन मार्कांचा झेनॉन

मागच्या गुरुवारी रात्री साडेदहाला पेपर तपासत बसले होते. दहावीच्या बॅचची वीस मार्कांची टेस्ट, सतरा पोरं, चहा कधीचा गार झालेला आणि वर साय धरलेली. चौथा गठ्ठा असला की डोळे वाचत नाहीत, नुसते शब्द हुडकतात, शिक्षक लोकांना माहीत आहे हे. 'शास्त्रीय कारणे लिहा' मध्ये मी एक प्रश्न टाकला होता, म्हणजे टाकला कसला, गेली सात-आठ वर्षं त्याच फाइलमधून कॉपी-पेस्ट होत आलाय: 'राजवायू रासायनिक अभिक्रियेत भाग घेत नाहीत.' मार्क दोन. सोळा पोरांनी लिहिलं होतं की त्यांचं अष्टक पूर्ण असतं, म्हणजे शेवटच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन, कुणी 'पूर्ण' चा पू पहिला काढलेला, कुणी अष्टकाच्या जागी अष्टका, पण मजकूर एकच, जणू एकाच तोंडातून आलेला. बरोबर, बरोबर, बरोबर, माझं लाल पेन सुसाट चाललेलं. आणि सतराव्या पेपरात फक्त एवढंच: 'हे विधान चूक आहे. झेनॉन घेतो.' पूर्णविराम इतका दाबून दिलेला की पानाच्या मागे टोक आलं होतं. मी शून्य दिलं. शून्याभोवती गोलही केला.

मग लाइट बंद करून पडले तरी तो पूर्णविराम काही डोळ्यांपुढून जाईना. कारण पोरगी बरोबर होती, झेनॉन राजवायूच, तरी फ्लोरिनशी त्याची संयुगं होतात. आणि ती बरोबर आहे हे मला माहीत होतं, ही खरी बोचणी. केमिस्ट्रीत एमएस्सी केलंय मी, झेनॉनच्या फ्लोराइडांचे आकार वहीत काढून काढून बोटं दुखवून घेतली आहेत, दोन फ्लोरिनवालं सरळ रेषेत, चार फ्लोरिनवालं सपाट चौकोनात, सहावालं जरा वेडंवाकडं. बारावीच्या पोरांना हेच मी दरवर्षी शिकवते. म्हणजे संध्याकाळी सहाच्या बॅचला सांगायचं की राजवायू कुणाशी जुळत नाहीत आणि साडेसातच्या बॅचला त्याच खोलीत, त्याच फळ्यावर, त्याच तोंडाने झेनॉनची संयुगं शिकवायची. मधे फक्त डस्टर फिरतो.

मग शून्य का दिलं?

आमच्या आण्णांचं कोल्हापूरला उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं शेड होतं. रेलिंग, दुधाच्या टाक्या, हॉटेलवाल्यांची स्टीलची टेबलं. शाळा सुटली की मी डबा घेऊन तिथं जायची, आणि माझी बसायची जागा म्हणजे एक पालथी घातलेली बादली, तिच्या शेजारी उंच निळा आर्गनचा सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेला. उन्हाळ्यातसुद्धा त्याला पाठ टेकवली की गार लागायचं. आण्णा हेल्मेट खाली पाडायचे, टॉर्चचं बटण दाबायचे, आधी नुसतं सुस्स ऐकू यायचं, मग तो निळापांढरा जाळ आणि माझ्याकडे न बघता त्यांचं ओरडणं, "डोळं मीट!" मी डोळे मिटून वास घ्यायची, एक तिखट, नाकाच्या आतून बारीक खाजवणारा वास यायचा. कितीतरी वर्षं मला वाटायचं हाच आर्गनचा वास. आर्गनला वासच नसतो, तो ओझोन होता, जाळाच्या उजेडात हवेतल्या ऑक्सिजनचा झालेला, हे फार नंतर कळलं. एकदा मी विचारलं होतं की आण्णा, हा गॅस करतो काय नेमकं? तर ते हेल्मेट वर करून घाम पुसत म्हणाले, "अगं, त्यो काय करत न्हाई, म्हणून तर पैसं देतोय त्याला." हे मला आजही आर्गनचं सगळ्यात अचूक वर्णन वाटतं. तापून लाल झालेल्या स्टीलजवळ हवेला येऊ द्यायचं नाही, मधे उभं राहायचं आणि स्वतः कुठल्याच भानगडीत पडायचं नाही. सिलिंडर संपत आला की जोड काळा पडायचा, आत बुडबुडे, आण्णा तोंडातल्या तोंडात शिवी देऊन ग्राइंडर हातात घ्यायचे. काही न करणाऱ्याची किंमत त्या काळ्या जोडावरून कळायची.

आर्गन हे नावच मुळात 'आळशी' अशा अर्थाचं आहे, ग्रीक भाषेतलं. १८९४ ला रॅले आणि रॅमसे या दोघांनी हा हवेतला ऐतखाऊ शोधून काढला तेव्हा तो कशाशीच काही करेना म्हणून हे नाव. शंभर भाग हवेत जवळजवळ एक भाग आर्गन, म्हणजे आपण सगळे जन्मापासून त्याला नाकाने आत-बाहेर करत होतो आणि त्याने एकदासुद्धा हूं की चूं केलं नाही. मग १८९८ ला रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी लंडनमध्ये द्रवरूप केलेली हवा हळूहळू उकळवत, आधी काय उडतं आणि तळाशी काय उरतं ते बघत, काही महिन्यांत तिघांना पकडलं. क्रिप्टॉन म्हणजे लपलेला, निऑन म्हणजे नवा, आणि झेनॉन म्हणजे परका. (हेच ट्रॅव्हर्स पुढे बेंगळुरूला टाटांच्या संस्थेचे पहिले संचालक म्हणून आले, म्हणजे झेनॉन पहिल्यांदा ज्यांनी पाहिला त्यातला एक माणूस आपल्याकडे ऑफिस थाटून बसला होता, हे मला कॉलेजात कुणी सांगितलंच नाही.) पण झेनॉनच्या नावाची गंमत कोल्हापूरवाल्यालाच कळणार. त्या ग्रीक शब्दाचे दोन अर्थ आहेत, परका माणूस आणि पाहुणा. आता आमच्याकडे बस स्टँडवर कुणी अनोळखी माणूस रस्ता चुकून उभा असला तर त्याला काय हाक मारतात? "काय पाव्हणं, कुठलं गाव?" ओळख ना पाळख, तरी पाव्हणं. परका आणि पाहुणा यांत फरक करायची गरजच आमच्याकडे पडली नाही. हवेच्या एक कोटी भागांत झेनॉनचा पुरता एक भागही नसतो. पाव्हणं ते, कधीतरीच दिसायचं.

आता नावांवरून आठवलं म्हणून सांगते. आठवीत आमची सहल विजयदुर्गला गेली होती. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवून तिथल्या काकांनी मोठ्या ऐटीत सांगितलं की १८६८ चं ग्रहण लॉकियरसाहेबाने इथूनच बघितलं आणि हेलियम इथंच सापडला. आम्ही त्या ओट्यांवर बसून शेंगदाण्याची चटणी-भाकरी खाल्ली, आणि मी घरी येऊन आण्णांना सांगितलं की हेलियम आपल्या कोकणात सापडलाय. मोठी झाल्यावर वाचलं तर १८६८ च्या ऑगस्टमधलं ते ग्रहण आपल्याकडून दिसलं हे खरं, पण लॉकियर हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ तेव्हा इंग्लंडात होता, सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेघ, जिच्यावरून हेलियम ओळखला गेला, त्याने ऑक्टोबरमध्ये तिकडूनच पाहिली. विजयदुर्गला तो आला तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, ओटे त्या वेळचे. म्हणजे ओटे खरे, साहेब खरा, ग्रहणही खरं, फक्त साल तीस वर्षं मागे सरकलं आणि एक अख्खं मूलद्रव्य येऊन त्या ओट्यावर बसलं. आजही १८ ऑगस्टला तिथं हेलियम दिवस साजरा होतो. मला राग येत नाही, उलट थोडं बरंच वाटतं, नाहीतर आठवीच्या पोरांना वर्णपट बघायला कोण घेऊन जाणार? पण त्या रात्री पडल्यापडल्या ते ओटे आठवले ते वेगळ्या कारणाने. एखादी गोष्ट पुरेशा ऐटीत, पुरेशी वर्षं सांगत राहिलं की सांगणाऱ्याला ती तपासून बघावीशीच वाटत नाही. माझी प्रश्नपत्रिकेची फाइल तरी दुसरं काय आहे.

राजवायूंचं 'भाग घेत नाहीत' असंच घट्ट होत गेलं. सुरुवातीला ते नुसतं निरीक्षण होतं. आर्गन हाती आल्याबरोबर रॅमसेने थोडासा पॅरिसला मोआसां नावाच्या केमिस्टकडे पाठवून दिला, कारण जगात सगळ्यात भांडकुदळ मूलद्रव्य त्याच्या ताब्यात होतं. फ्लोरिन. हा फ्लोरिन मोकळा करायच्या नादात आधीच्या कित्येकांनी फुप्फुसं, डोळे आणि जीवसुद्धा घालवले होते, १८८६ ला मोआसांला जमलं. लाकूड, रबर, अगदी पाणीसुद्धा फ्लोरिनमध्ये पेट घेतं. त्या फ्लोरिनबरोबर आर्गन कोंडला, ठिणग्या सोडल्या, आणि आर्गन जसा होता तसा. झालं. फ्लोरिनला जमलं नाही तर कुणाला जमणार? मग १९१६ च्या सुमाराला लुईस, कोसेल यांनी इलेक्ट्रॉनांचे हिशेब मांडले, शेवटच्या कक्षेत आठ झाले की अणू सुखी, आणि निरीक्षणाचं कारण झालं. आता गंमत बघा. आठ म्हणजे पूर्ण असं का मानायचं? कारण आठवाले हे वायू शांत असतात. आणि हे वायू शांत का असतात? कारण त्यांचे आठ पूर्ण असतात. मी एमएस्सी होऊन, अठरा वर्षं शिकवून, हे वर्तुळ त्या रात्री पहिल्यांदा नीट बघितलं. पोरांकडून मी दोन मार्कांना तेच विधान फिरवून मागत होते, आणि सोळा जणांनी मुकाट्याने फिरवून दिलं.

तसं नाही म्हणायला १९३३ ला लायनस पॉलिंग या अमेरिकन केमिस्टने कागदावर हिशेब करून सांगितलं होतं की मोठे अणू, झेनॉन-क्रिप्टॉन, फ्लोरिनला दाद देतील. कारण साधं आहे. हेलियमचं घर एका खोलीचं, पोरं म्हणजे इलेक्ट्रॉन आईच्या मांडीवर, एकेक उचलायचं तर मोलमागे २३७२ किलोज्यूल मोजा. निऑनला २०८१, आर्गनला १५२१, क्रिप्टॉनला १३५१. झेनॉनचा वाडा पाच चौकांचा, शेवटच्या ओसरीवर बसलेलं पोर आईच्या नजरेपासून लांब, मधे घरभर माणसं, तिथं ११७० मध्ये काम होतं. पॉलिंगच्याच संस्थेत, कॅल्टेकला, योस्ट आणि के या दोघांनी लगेच झेनॉन आणि फ्लोरिन क्वार्ट्झच्या भांड्यात घालून वीज सोडून बघितली. झेनॉन होता चिमूटभर, मिळायचाच नाही. हाती काही लागलं नाही. त्यांनी प्रामाणिकपणे तसं छापलं, आणि छापलेल्या 'नाही' ला जे वजन येतं ते आलं. पुढची जवळपास तीस वर्षं तिकडे कुणी फारसं फिरकलंच नाही.

१९६२ साल. कॅनडात व्हँकुव्हरच्या युनिव्हर्सिटीत नील बार्टलेट नावाचा २९ वर्षांचा इंग्लंडहून आलेला माणूस. हा मूळ न्यूकॅसलचा, बाराव्या वर्षी शाळेत मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया घालून तो गडद निळा रंग बघितला आणि केमिस्ट्रीत पडला. हा निळा आपल्याकडच्या प्रत्येक बारावीवाल्याने सॉल्ट अ‍ॅनालिसिसला काढलाय आणि एक्स्टर्नल यायच्या आत बेसिनमध्ये ओतलाय, असो. बार्टलेट प्लॅटिनम आणि फ्लोरिनवर काम करत होता आणि त्याच्या उपकरणात पुन्हापुन्हा एक लालसर पदार्थ जमायचा, जो तिथं असायला नको होता. दुसऱ्या कुणी धुऊन टाकला असता. हा त्याच्या मागे लागला आणि शेवटी कळलं की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड नावाच्या त्या लाल वाफेने चक्क ऑक्सिजनच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतलाय. ऑक्सिजन! जो जन्मभर दुसऱ्यांचे ओरबाडतो, त्याचाच. लोकांना हेच आधी पटेना. आणि मग वर्गात शिकवायची तयारी करताना पुस्तकातल्या आयनीभवन ऊर्जेच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन उचलायच्या त्याच किमतीच्या, आलेखावर त्याची नजर अडखळली. ऑक्सिजनच्या रेणूला साधारण ११६५ लागतात. झेनॉनला ११७०, म्हणजे जी वाफ ऑक्सिजनचा ओढते ती झेनॉनचाही ओढेल. असले आकडे बारावीची पोरं एमसीक्यूसाठी पाठ करतात, मीपण केलेत. पण शिकवायची तयारी करताना, म्हणजे जे मी रोज करते ते करताना, त्याला ते दोन शेजारी शेजारी दिसले, आणि हाच भाग मला फार लागतो.

त्याने झेनॉन मागवला. २३ मार्च, शुक्रवार. एका बाजूला लाल वाफ, दुसऱ्या बाजूला झेनॉन, रंग नाही, वास नाही, भांडं रिकामंच वाटावं असा, आणि मधे काचेचा एक पातळ पडदा. लॅबमध्ये हा एकटा. पडदा फोडला. तापवलं नाही, ठिणगी नाही, दाब नाही, नुसत्या खोलीतल्या हवेच्या तापमानाला लाल वाफ नाहीशी होऊन काचेवर पिवळं-नारिंगी काहीतरी बसलं. तो धावत बाहेर आला, कुणाला तरी दाखवायला. कॉरिडॉर रिकामा. सगळे जेवायला गेलेले.

मी या रिकाम्या कॉरिडॉरचा फार विचार करते.

म्हणजे सहा दशकांहून जास्त काळ सगळ्या पुस्तकांनी 'नाही' म्हटलेली गोष्ट तुमच्या हातातल्या काचेवर पिवळी होऊन बसलीय आणि सांगायला शिपाईसुद्धा नाही. मला आमच्या कॉलेजची लॅब आठवते, संध्याकाळी सहानंतरची, एक्झॉस्ट बंद केल्यावर जी शांतता येते ती, बर्नरच्या गॅसचा उरलेला वास, आणि लॅब अटेंडंट किल्ल्या वाजवत दारात उभे, "आवरा आता बाई." मी तिथं दोन वर्षं काढली आणि प्रत्येक प्रयोगाचं उत्तर मला आधीच माहीत असायचं, मी फक्त त्या उत्तराजवळ जाऊन थांबायची. एकदा रीडिंग फारच वेगळं आलं तर मी ते खोडून मैत्रिणीच्या वहीतलं घातलं. ते चुकीचंच असणार, ब्युरेट गळत होती, माझा काही शोध बुडाला नाही. पण खोडताना हात जराही थांबला नाही, हे आता आठवतं.

पुढे धडाधड झालं सगळं. त्याच वर्षी अमेरिकेत शिकागोजवळच्या आर्गॉन लॅबमध्ये (नावात आर्गन वाटला तरी संबंध नाही, जंगलाच्या नावावरून आहे) तिघांनी झेनॉन आणि फ्लोरिन निकेलच्या डब्यात ४०० अंशांना तासभर तापवून गार केले, आत स्वच्छ पांढरे स्फटिक. एक तास! आपल्याकडे मटणसुद्धा नीट शिजत नाही तेवढ्यात. जर्मनीत हॉपे नावाच्या माणसाने स्वतंत्रपणे दोन फ्लोरिनवालं बनवलं. आणि मला सगळ्यात छळणारी गोष्ट ही की नंतर लक्षात आलं, झेनॉन आणि फ्लोरिन कोरड्या काचेच्या गोळ्यात भरून नुसते उन्हात ठेवले तरी होतं. उन्हात! ढगाळ असलं तरी चालतं. फ्लोरिनच्या रेणूचे दोन तुकडे करायला तेवढा उजेड पुरतो, मग ते सुटे तुकडे झेनॉनला सोडत नाहीत. म्हणजे खिडकीत ठेवायची हिंमत, हाताळता येईल असा फ्लोरिन आणि फुगाभर झेनॉन, एवढंच हवं होतं. अर्थात हे 'एवढंच' मी आज आरामात टाइप करतेय, फ्लोरिनच्या बाटलीशेजारी उभी राहून नाही.

कारण हे पाव्हणं दिसायला गरीब, पण राहवून घेतलं की त्याचेही नखरे असतात. फ्लोरिनबरोबरची संयुगं कोरडी ठेवली तर नांदतात, दोन फ्लोरिनवालं तर बंद डब्यात वर्षानुवर्षं राहतं. पण चार किंवा सहावाल्यांना ओल लागली की झेनॉन फ्लोरिन सोडून ऑक्सिजन धरतो, आणि ते झेनॉन ट्रायॉक्साइड म्हणजे साखरेसारखे दिसणारे पांढरे कण, कोरडे झाले की नुसत्या धक्क्याने उडतात. त्याला संधीच हवी असते पुन्हा मोकळं व्हायची. १९६३ च्या जानेवारीत बार्टलेट आणि त्याचा राव आडनावाचा विद्यार्थी एका नव्या पदार्थाचे स्फटिक बघत होते, नीट दिसेनात म्हणून दोघांनी डोळ्यांवरचे चष्मे काढले, आणि नेमका त्याच क्षणी स्फोट. काचा डोळ्यांत. दोघं चार आठवडे हॉस्पिटलात. हे वाचलं तेव्हा मला आण्णांचं "डोळं मीट" ऐकू आलं. नीट बघायचंय म्हणून चष्मा काढणं, हे इतकं साधं आहे, मी रोज करते पेपर तपासताना.

आणि अजून एक. बार्टलेटने त्या पिवळ्या पदार्थाचं जे सुटसुटीत सूत्र लिहिलं, एक झेनॉन, एक प्लॅटिनम, सहा फ्लोरिन, ते तितकंसं बरोबर नव्हतं. तो एक पदार्थ नसून खिचडी होती, आत फ्लोरिन आधीच झेनॉनला जाऊन चिकटलेला. २००० साली खुद्द बार्टलेटनेच सहकाऱ्यांबरोबर त्यावर पुन्हा लिहिलं. नोबेल त्याला मिळालं नाही, ते एक राहूनच गेलं. मी मनातल्या मनात त्याचा पेपर तपासला. विधान बरोबर, निरीक्षण बरोबर, समीकरण संतुलित पण पदार्थ शंकास्पद. मी अर्धा मार्क कापला असता. कदाचित एक.

शनिवारी आण्णांना फोन केला. आता शेड भाड्याने दिलंय, गुडघे गेलेत, दिवसभर टीव्ही आणि नातवंडं. त्यांना म्हटलं, आण्णा, तुमचा आर्गनसुद्धा शेवटी कुणाशी तरी जुळला बरं का. "कोण म्हणालं?" एकदम संशय. मग सांगितलं की २००० साली फिनलंडमध्ये, हेलसिंकीला, आर्गन गोठवून त्याच्या बर्फात हायड्रोजन फ्लोराइड अडकवला, वरून अतिनील उजेड टाकला, आणि एका हायड्रोजनच्या आणि एका फ्लोरिनच्या मधे आर्गन खरोखरचा बांधला गेला, शून्याखाली २६५ अंशांना. जरा ऊब लागली, शून्याखाली २४६ च्या वर गेलं, की परत सुटला. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही, टीव्हीवरची कुस्ती तेवढी ऐकू येत होती. मग म्हणाले, "एवढ्या थंडीत कोण बी कुणाला बिलगंल. त्यात काय नवल?" आणि मग, मला वाटलं फोन ठेवतात, तर म्हणाले, "माझ्या जोडात तर न्हाई ना घुसला कधी?" नाही आण्णा, तुमच्या जोडात नाही. "मग झालं." त्यांच्या आवाजात खरंच सुटका होती. चाळीस वर्षं ज्याच्या भरवशावर टाक्या बनवल्या, तो मागे काहीतरी करत होता असं निघालं असतं तर त्यांना झोप लागली नसती. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्यापुरतं ते जुनं वाक्य खरंच आहे. दुधाच्या टाकीला, ट्यूबलाइटला, बल्बला, पोरांच्या गाड्यांना लावलेल्या त्या डोळे दिपवणाऱ्या झेनॉन लाइटांनाही, राजवायू भाग घेत नाहीत एवढंच पुरतं. फ्लोरिन येईपर्यंत. शाळेच्या पुस्तकाने तरी सगळ्यांना फ्लोरिनच्या भीतीत का ठेवावं? हा माझ्या बाजूचा मुद्दा मला जरा बरा वाटला. पण रविवारभर तो काही टिकला नाही. मी प्रश्नात 'सहसा' हा एक शब्द लिहिला असता तर काही बिघडत नव्हतं. तीन अक्षरं.

सोमवारी पेपर वाटले. तिचा शेवटी ठेवला. सगळी पोरं सॅकच्या चेन ओढत निघाल्यावर तिला थांबवलं आणि विचारलं की झेनॉनचं कुठून लिहिलंस? मला वाटलं मोबाईल म्हणेल. तर म्हणाली, "दादाचं बारावीचं पुस्तक पाट म्हणून घेते मांडीवर, अभ्यासाला. एकदा उघडलं तर चौकोन दिसला. मधे झेनॉन, चार कोपऱ्यांत फ्लोरिन. मग तुम्ही वर्गात भाग घेत नाहीत म्हणालात तेव्हा मला वाटलं, विचारावं." मग विचारलं का नाहीस? तर खांदे उडवले. मी पेन काढलं, शून्य खोडलं, शेजारी दोन लिहिले, खाली सही केली, चौदाचे सोळा झाले. तिने पेपर हातात घेतला तरी जाईना. "मॅडम, बोर्डात आलं तर काय लिहू?"

मी खिडकीकडे बघितलं. मग म्हटलं, बोर्डात अष्टक पूर्ण लिही. हे सांगताना मला कसं वाटलं ते लिहीत नाही. तिने मान डोलावली, पेन्सिल काढून पेपरच्या समासात बारीक अक्षरात 'बोर्डात – अष्टक' असं लिहून घेतलं, आणि वरचं तिचं वाक्य तसंच ठेवलं.

दारापर्यंत गेली आणि पेपर बघत बघत परत आली. "मॅडम, चौथ्या गणितात मी एकक लिहिलं नव्हतं. तुम्ही पूर्ण दिलेत."

चष्मा लावून बघितलं. खरंच नव्हतं. अर्धा कापला.